लोणी नको

दूध सोडल्यानंतरचा पुण्यातला तो पहिला मे. इथे उन्हाळ्यात गारवा म्हणून जे जे समोर येतं ते दुधातुपाचंच: ताक, लस्सी, मस्तानी, कुल्फी. आठवडाभर मी नुसतं पाणी पीत फिरले. मग रस्त्याकडे नीट पाहिलं. घुंगरं लावलेल्या चरकातला आलं-लिंबू घातलेला उसाचा रस, सकाळची नीरा, शहाळं, ताडगोळे, कोकम सरबत, तिखटमीठ लावलेली कैरी. यातल्या कशालाच म्हैस लागत नाही. भेळ, कांदाभजी, वडापावही चालतात. मिसळीवर दही नको, पावाला लोणी नको, एवढं सांगितलं की झालं.

सांगितलं की गाडीवाले विचारतात, "नवस आहे का, ताई?" व्हीगन म्हणजे काय ते समजावण्यापेक्षा हो म्हणणं सोपं.

आईपुढे मात्र तसं म्हणता येईना. घरी म्हशी आहेत. माझी कॉलेजची फी दुधाच्या पगारातूनच भरली गेली. गोठ्यातली पारडी मोठी होतात आणि नर रेडकं कुठे जातात, हे लहानपणी कधी विचारलं नव्हतं. यंदा विचारलं. आई दोन दिवस बोलली नाही.

महिनाअखेरीस ती पुण्याला आली. मंडईजवळ वडापावच्या गाडीवर थांबलो. तव्यावर लोणी चरचरत होतं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "हिच्या पावाला लोणी लावू नका." आणि जरा थांबून, "माझ्या लावा."