आग खरी वाटते, माणसं नाही

मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत रोटोचं काम करते. म्हणजे प्रत्येक फ्रेममधून नटाची कड कापून काढायची, मग त्याच्यामागे आग लावा नाहीतर समुद्र. त्यामुळे ‘ब्रह्मास्त्र’ (२०२२) बघताना माझं अर्धं लक्ष ज्वाळांकडेच होतं. वाराणसीत नागार्जुनच्या अंगातून नंदी उसळतो, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. व्हीएफएक्ससाठी या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात काहीच नवल नाही.

पण गोष्ट? पडदा उजळताच अमिताभ अस्त्रांची सगळी माहिती सांगून टाकतो. आपण शोधायचं असं काही उरतच नाही. शिवा म्हणतो, मला भलतंच काहीतरी दिसतं. ईशाची त्याच्याशी नुकती ओळख झालेली, तरी ती त्याच्यासोबत थेट वाराणसी गाठते. गोव्याला जाते म्हटलं तरी माझी आई याहून जास्त प्रश्न विचारते! ज्या जगात कुणाला शंकाच येत नाही, तिथे हातातून आग निघाली काय आणि लायटरमधून निघाली काय, सारखंच.

याउलट आपल्या पुण्यातलाच ‘संत तुकाराम’ घ्या. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली प्रभातसाठी केलेला. प्रभातच्या त्या जागेत आज एफटीआयआय आहे. त्यातलं वैकुंठाला जाणारं विमान आज बघितलं तर ट्रिक लगेच कळते. तरी माझ्या अंगावर काटा येतो, तो जिजाईमुळे. घरात दाणा नाही, नवरा अभंगात दंग, आणि ही बाई वैतागून विठोबावर चप्पल उगारते. तिला वैकुंठाचं कौतुक नाही, चुलीची काळजी आहे. म्हणून तुकाराम वर जातो आणि ती खाली राहते, तेव्हा ते विमान खरं वाटतं. कुणीतरी मागे राहिलंय, हे आपल्याला दिसत असतं.

सिनेमा संपल्यावर आमच्यासारख्यांची नावं इतक्या वेगात वर सरकतात की वाचताही येत नाहीत. मी तरीही थांबते. शेकडो लोकांनी रात्री जागून ती आग पेटवलेली असते. तिला घाबरणारं, तिच्याशी भांडणारं एक तरी माणूस कुणीतरी लिहायला हवं होतं.