हूड सांगतं जीपची जन्मकथा!

कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक, वडेश्वर, खांडी... पावसाळी वीकएण्डला आंदर मावळात शिरावं तर उघड्या जीपमधूनच! बाजूला टाटांच्या १९२२ सालच्या ठोकळवाडी धरणाचं पाणी, वर सह्याद्री. पण जुनी जीप विकत घेताय? मग इंजिनाइतकंच हूडचं सामान बघा.

महिंद्रने १९४७ पासून आपल्याकडे विलीज जीपची जुळणी केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. विक्रेते मात्र सरसकट ‘वर्ल्ड वॉरची जीप’ म्हणून भाव सांगतात! युद्धातल्या विलीजच्या हूडला दोन लोखंडी कमानी असत, नको तेव्हा मागे पाडता येणाऱ्या. त्याच काळात फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांवरही ‘एफ’ अक्षर सापडतं. कमानींऐवजी वेल्डिंग केलेले पाइप दिसले, तर हूड नंतरचं समजा.

आता बटणं. ‘लिफ्ट-द-डॉट’ एकाच कडेने उचललं तर सुटतं. भलतीकडून ओढलंत तर कापड फाटलंच! ‘टर्न-बटण’ फिरवून लांबट भोकातून काढायचं. दोन स्क्रूंनी बसवलेली चपटी कडी शोभेची नाही. तिच्यातून पट्टा ओवतात.

काचेच्या फ्रेमवरची जुनी भोकंही तपासा. मूळ बटणं कुठे होती, ते तीच सांगतात. म्हणून गॅरेजवाल्याला ती बुजवू देऊ नका आणि गंजलेलं सामान भंगारात टाकू देऊ नका. नवं कॅनव्हास त्याच मापाने शिवायचंय. नाहीतर खांडीच्या पावसात हूड असूनही चिंब!

आणि हो, ओलं हूड घडी घालू नका. बुरशी धरते!