लाकडांत काय शिकावयाचें?

आमचा पुतण्या वनशास्त्राच्या अभ्यासासाठीं स्लोव्हाकियांतील झ्वोलेन या गांवीं जावयास निघाला, तेव्हां घरच्या बैठकींत सर्वांत तीव्र विरोध आमचा होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. "मध्य युरोपांतच जावयाचें तर व्हिएन्ना आहे, प्राग आहे. चाळीस हजार वस्तीच्या आडगांवीं जाऊन लाकडांत काय शिकावयाचें?" असा प्रश्न आम्हीं टाकला, आणि पस्तीस वर्षें वर्गांत प्रश्न विचारण्याची संवय असल्यामुळें तो अशा स्वरांत टाकला कीं, मुलानें उत्तरच दिलें नाहीं. तो गेला. त्याचे निरोप आईबापांस येत. आम्हांस शेवटच्या ओळींत नमस्कार येई.

गतवर्षीं त्याच्या पदवीदानासाठीं बंधु व भावजय निघालीं. "दादा, तुम्हीही चला," असा बंधूंनीं आग्रह केला, म्हणून आम्हीही गेलों. व्हिएन्नापर्यंत विमान आणि पुढें आगगाडी. ह्रोन आणि स्लातिना या दोन नद्यांच्या संगमापाशीं वसलेलें तें गांव, चौदाव्या शतकांतील एक भक्कम किल्ला, आणि चहूंकडे झाडींनीं भरलेले डोंगर. विद्यापीठ असें वेगळें दिसतही नाहीं.

पहिल्याच सायंकाळीं मात्र आमचे कान टवकारले. लाकडास ते लोक 'द्रेवो' म्हणतात. आमच्या संस्कृतांतील दारु आणि द्रु हे याच घराण्यांतले शब्द! (वाचकांनीं ऱ्हस्व उकाराकडे लक्ष द्यावें, दीर्घ उकाराची दारू फारशी भाषेंतून आलेली, तिचा येथें संबंध नाहीं.) ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, त्या भूर्ज वृक्षाच्या जातभाईस तेथें 'ब्रेझा' म्हणतात. धूम म्हणजे 'दिम', मधु म्हणजे 'मेद', आणि अस्वल म्हणजे 'मेद्वेद', अर्थात् मध खाणारा. ऋग्वेदांत 'मध्वद' हा शब्द पक्ष्यांस लाविलेला आहे. तोच येथें केसाळ अंगानें रानांत हिंडत आहे हें पाहून आम्हांस हंसूं आवरेना. पुतण्या म्हणाला, "काका, हें मला सहा वर्षांत कोणीं सांगितलें नव्हतें." इतक्या दिवसांनीं तो आमच्याशीं मोकळेपणानें बोलला तो हा पहिला.

त्या विद्यापीठाचें मूळ चांदींत आहे, असें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. तेथून जवळच, डोंगरांत, बान्स्का श्त्याव्हनित्सा नांवाचें खाणींचें जुनें शहर आहे. खाणींत सुरुंगाची दारू (ही मात्र दीर्घ उकाराची) वापरल्याची एक फार जुनी लेखी नोंद १६२७ सालची, आणि ती तेथलीच. १७६२ सालीं मारिया थेरेसा राणीच्या आज्ञेनें तेथें खाणविद्येच्या उच्च शिक्षणाची स्थापना झाली. परंतु खाणीस आंतून टेकू द्यावयास लाकूड लागे; धातु वितळविण्यास कोळसा, आणि कोळशास पुन्हां लाकूडच. डोंगर उघडे पडूं लागले तेव्हां चांदी हवी तर आधीं रान राखलें पाहिजे, हें दरबारास कळलें. १८०७ सालीं तेथेंच वनविद्येची शाखा काढण्याचें ठरलें आणि विल्केन्स नांवाचे जर्मन अध्यापक ती शिकवूं लागले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, ती संस्था हंगेरींतील शोप्रोन येथें गेली. झ्वोलेनचें विद्यालय १९५२ सालचें. तथापि तेथील लोक आपली परंपरा त्या जुन्या शाखेपासूनच मोजतात. परंपरेचा असा अभिमान आम्हांस अनोळखी नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आम्हांस विद्यापीठ दाखविलें. विषय एक लाकूड, म्हणून तेथें एकाच प्रकारचें काम चालत असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत प्रत्येक दारापाशीं निराळीच विद्या! एके ठिकाणीं वाफेच्या योगानें लाकडाचा रंग पालटण्याचे प्रयोग, दुसरीकडे सरस आणि रंगांची परीक्षा, तिसरीकडे यंत्रें. त्यांत आम्हांस फारसें गम्य नाहीं. परंतु लाकूड जाळण्याचेंही शास्त्र असतें हें ऐकून आम्ही तेथें पुष्कळ वेळ थांबलों. जाड तुळई पेटली म्हणजे तिच्या बाहेरच्या थराचा कोळसा होतो, आणि तो कोळसाच आंतल्या लाकडाचें आगीपासून रक्षण करतो. सूचिपर्णी वृक्षांचें लाकूड मिनिटास सुमारें पाऊण मिलिमीटर या वेगानेंच आंत जळत जातें. म्हणून तुळई किती वेळ तग धरील याचें गणित आधीं मांडतां येतें. उघडी लोखंडी तुळई मात्र तापली कीं वांकते. हें ऐकतांच बंधु आमच्याकडे पाहून मंद हंसले. आमच्या वाड्याच्या माडीखालच्या सागवानी तुळया काढून लोखंड घालण्याचा आग्रह कोणाचा होता, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

पुढें एका खोलींत सालीचे तुकडे मांडले होते. सालीच्या आंतल्या अंगास एक मधली रेघ आणि तिला दोहों बाजूंस फुटलेल्या बारीक रेघा. जणूं एखादी न वाचलेली लिपि! तो किड्याचा पराक्रम. लिनीअस पंडितानें या किड्याचें नांवच 'टायपोग्राफुस' म्हणजे मुद्रक असें ठेविलें आहे. नर साल पोखरून आंत एक कोठडी करतो, गंधानें माद्यांस बोलावतो, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेलीं पिलें त्या बारीक रेघा कोरतात. निरोगी स्प्रूस वृक्ष राळेनें या किड्यास गुदमरवितो. पडलेल्या अथवा तहानलेल्या वृक्षास तें साधत नाहीं.

याची कठोर परीक्षा उत्तरेकडील टाट्रा पर्वतांत झाली. १९ नोव्हेंबर २००४ रोजीं तेथें असें वादळ झालें कीं, कांहीं तासांतच बारा हजारांहून अधिक हेक्टर रान आडवें झालें. पडलेलें लाकूड उचलावें कीं तसेंच राहूं द्यावें, यावर देशभर वाद माजला. उचलावें तर जमीन उघडी पडते. ठेवावें तर मुद्रक महाशयांचा छापखाना सुरू होतो, आणि पुढें उभ्या झाडांवरही त्यांचें काम चालू होतें. जुलै २००५ मध्यें त्याच पडझडींत वणवाही लागला. तेव्हां विद्वानांनीं चार क्षेत्रें नेमलीं: एक लाकूड उचललेलें, एक तसेंच सोडलेलें, एक जळालेलें, आणि एक वादळाचा धक्का न लागलेलें. त्या अभ्यासांत झ्वोलेनच्या मंडळींचाही भाग आहे. वाद अजून मिटलेला नाहीं, परंतु आतां तो नुसत्या मतांचा राहिला नाहीं, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटली.

अस्वलांचें प्रकरणही असेंच तापलेलें आहे. खेडुतांस भीति वाटते, दुसरे म्हणतात रक्षण करा, आणि अस्वलें किती हें मात्र जो तो आपल्या सोयीनें सांगतो. झ्वोलेनच्या लदिस्लाव पाउले या अध्यापकांनीं सहकाऱ्यांसह २०१३-१४ च्या सुमारास रानांतून अस्वलांची विष्ठा व केस गोळा करवून आनुवंशिक खुणांवरून गणना केली. तेंच अस्वल किती वेळां पुन्हां सांपडतें, यावरून न सांपडलेल्यांचा अंदाज बांधावयाचा, अशी ती युक्ति. आंकडा आला सुमारें साडेबाराशें. पुढें प्रागच्या चार्ल्स विद्यापीठानें केलेल्या गणनेंत तो हजाराच्या थोडा वर आला. विष्ठा गोळा करण्यासही विद्वत्ता लागते, हें ऐकून आमच्या भावजयीनें पदर तोंडास लावला. परंतु दुपारीं विद्यापीठाच्या बोरोव्हा होरा या वृक्षोद्यानांत गुलाबांपुढें ती अशी रमली कीं तिला हलविणें कठीण झालें. तेथून जवळच्या क्रुपिना गांवीं राहणाऱ्या गेश्विंड नांवाच्या वनाधिकाऱ्यानें फावल्या वेळांत गुलाबांच्या नव्या जाती निर्माण केल्या. त्याचा १८९७ सालीं प्रसिद्ध झालेला लाल सुवासिक गुलाब आपल्या देशांत हारांसाठीं लावतात, असें पुतण्यानें सांगतांच तिनें वांकून वास घेतला आणि म्हणाली, "अगबाई, हा तर आपल्या तुळशीमागचा!"

शेवटच्या दिवशीं पुतण्यानें परवानगी काढून आम्हांस बादीनच्या आदिम अरण्यांत नेलें. तीस हेक्टरांचा हा तुकडा १९१३ पासून राखीव आहे. तेथें कुऱ्हाड चालत नाहीं. बीच आणि फर यांचे प्रचंड वृक्ष उभे, आणि तितकेच प्रचंड आडवे पडलेले. त्यांच्या कुजक्या अंगावर बोटभर उंचीचीं रोपें. झ्वोलेनचे श्टेफान कोर्पेल यांनीं अशा अरण्यांच्या अभ्यासांत आयुष्य घालविलें. अरण्यास वाढ, पूर्णावस्था आणि विघटन अशा अवस्था असतात, असें त्यांनीं दाखविलें. उत्पत्ति, स्थिति, लय हे शब्द आम्ही आयुष्यभर शिकवीत आलों. परंतु त्या तिन्ही एकाच वेळीं, हातभर अंतरावर, शेजारीं शेजारीं नांदतांना आम्हीं प्रथमच पाहिल्या. हें चक्र पुरें व्हावयास कित्येक शतकें लागतात. म्हणून कोर्पेल यांनीं कायमचीं क्षेत्रें आंखून ठेविलीं, आणि सुमारें दर दहा वर्षांनीं तेथें वृक्षांचीं मापें घेतलीं जातात. एकानें आरंभिलेलें दुसरा मोजतो, दुसऱ्याचें तिसरा.

"मग घरीं केव्हां यावयाचें?" बंधूंनीं विचारलें. आईनें विचारूं नये म्हणून त्यांनींच विचारलें असावें.

"बाबा, पुढच्या मोजणीस मी असावें असें आमचे अध्यापक म्हणतात," तो म्हणाला. बंधु कांहीं बोलले नाहींत. आम्हीं मनांतल्या मनांत पुढच्या मोजणीपर्यंतचीं वर्षें आपल्या वयांत मिळवून पाहिलीं, आणि तो विषय सोडला.

सहा वर्षांपूर्वींच्या त्या प्रश्नाविषयीं कांहीं बोलावें असें आमच्या फार मनांत होतें. आम्हीं सुरुवातही केली. "बाबा रे, त्या दिवशीं बैठकींत—" इतकें आम्ही म्हणालों, तोंच त्यानें खिशांतून मोजण्याची फीत काढली. एका पडलेल्या फरचा घेर त्यास पुन्हां पडताळून पाहावयाचा होता. "काका, हें टोंक धरा," तो म्हणाला आणि खोडाखालून दुसरें टोंक घेऊन पलीकडून आला. आम्हीं चष्मा सारखा केला आणि मोठ्यानें आंकडा वाचला.

"फीत सैल धरली आहे, काका. पुन्हां वाचा."

आम्हीं फीत ताणून धरली व पुन्हां वाचला.