मुद्दाम हरणारा

संगणकाशी बुद्धिबळ खेळण्यातलं पहिलं सुख म्हणजे समोर कुणी बसलेलं नसतं. पाय हलवणारं, घसा खाकरणारं, घोड्याला बोट लागलं न लागलं तोच ‘हात लावलास, आता तोच चालव’ म्हणून बजावणारं कुणी नाही. मध्येच उठून कुकर बंद करावा, चहा गाळून आणावा. डाव असतो तसाच थांबलेला. मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक आला तो मुलांच्या अभ्यासाचं आणि हिशेबांचं नाव सांगून. जेवणं आटोपल्यावर मात्र त्यावर पट मांडला जायचा.

त्या जुन्या यंत्राला हरवता यायचं, आणि का हरवता आलं हेही कळायचं. त्याची नजर मोजक्या खेळ्यांपर्यंत पोचायची. त्यापलीकडचं जग त्याच्या लेखी नव्हतंच. समजा, वजिरावजिरी झाली आहे आणि काळ्यानं वजिराच्या बाजूला किल्लेकोट केलाय. राजा सी-८ वर, त्यामुळे ए-७ चं प्यादं उघडं. यंत्राचा पांढरा उंट लांबून तिरका येतो आणि ते मटकावतो. आपण बी-७ चं प्यादं एकच घर पुढे सरकवायचं, की उंटाची परतीची वाट बंद. आता राजा बी-७ वर आला की उंट गेलाच. हे उशिरा उमगलं की यंत्राची तारांबळ उडायची. पटाच्या दुसऱ्या टोकाला ते विनाकारण प्यादी पुढे घालायचं, शह द्यायचं. हेतू एवढाच, की उंटाचं मरण दोन खेळ्या लांबावं आणि नजरेच्या टप्प्याबाहेर जावं. एका सावकाराचं तोंड बंद करायला दुसऱ्याकडून कर्ज काढणाऱ्या माणसाचा हा कारभार. शेवटी उंट जायचा तो जायचाच, वर प्यादीही गेलेली असायची.

पण ती चूक त्याची स्वतःची होती. बिचाऱ्याची ऐपतच तेवढी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड हॉर्न यांनी झेडएक्स ८१ या घरगुती संगणकासाठी बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला तो अवघ्या ६७२ बाइटचा. त्याला किल्लेकोटसुद्धा येत नसे. त्याआधी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्याकडे तर आपला प्रोग्रॅम पेलेल असं यंत्रही नव्हतं. नियम कागदावर लिहून, सगळी आकडेमोड हातानं करत ते यंत्राच्या वतीनं खेळले, आणि १९५२ साली सहकारी ॲलिक ग्लेनी यांच्याकडून तो कागदी खेळाडू हरला. मुद्दाम नव्हे, जीव तोडून खेळून हरला.

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्ल्यू या संगणकानं जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं ते कपाटाएवढं धूड होतं. आज त्याहून कितीतरी ताकदवान असा स्टॉकफिश हा प्रोग्रॅम खिशातल्या फोनवर फुकट चालतो. जगज्जेत्यालाही जो आवरत नाही, त्याच्यासमोर आपण काय बसणार? म्हणून त्याला कमजोर करण्याची सोय ठेवली आहे: शून्य ते २० अशा पातळ्या. खालच्या पातळीवर त्याला चांगली खेळी दिसते, पण तो अधूनमधून ती सोडून कच्ची खेळी निवडतो.

इथंच माझं मन उडतं. दहा-बारा खेळ्या हा उस्तादासारखा खेळतो आणि मग अचानक वजीर नेऊन माझ्या प्याद्याच्या तोंडी देतो. माणूसही वजीर घालवतो, पण त्यामागे काहीतरी असतं. हाव सुटलेली असते, घड्याळाकडे लक्ष गेलेलं असतं, नाहीतर मघाशी गेलेल्या हत्तीचा राग डोक्यात असतो. ती चूक पकडताना आपण समोरच्याला थोडं वाचलेलं असतं. स्टॉकफिशच्या चुकीत वाचायला काहीच नसतं. आपण ठरवलेल्या पातळीप्रमाणे त्यानं ती चूक आपल्या ताटात वाढलेली असते. अशा वेळी तो वजीर मारताना हात आखडतो. मारला तरी जिंकल्यासारखं वाटत नाही.

पाचव्या पातळीवर जिंकायचं की विसाव्या पातळीवर हरायचं, असं विचारलंत तर मी वीस म्हणेन. तिथं निदान माझी हार अस्सल असते आणि त्याची जीतही. दिलेलं निमूट घ्यायला दिवाळीच्या फराळाचं ताट आहे. त्यासाठी पट कशाला मांडायचा?