तागावरचा पतंग

तंजावरजवळ ओरत्तनाडूला सरफोजी राजांनी आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबेच्या नावाने छत्र बांधले. रामेश्वरच्या वाटेवरचे यात्रेकरू तिथे उतरत, जेवत. 1855 मध्ये तंजावरच्या गादीला वारस उरला नाही. दगडी हत्ती-घोडे अजून भिंतीला जुंपलेले आहेत. पंगत बसत नाही.

तिथल्या शेतांत भातापूर्वी हिरवळीचे खत म्हणून ताग पेरत. फुलावर आला की चिखलात गाडत. तोवर त्यावर युटेथीसा हा पतंग असे. पांढरे पंख, त्यांवर तांबडे आणि काळे ठिपके. वाघ-पतंगांपैकी असूनही हा दिवसाढवळ्याही उडतो. अळी तागाची पाने खाते, शेंग पोखरून हिरवे दाणे खाते. दाण्यातले विष तिच्या अंगात राहते, पुढे पतंगातही उतरते. त्याच्या अमेरिकेतल्या भावंडावर कीटक-अभ्यासक थॉमस आइस्नर यांनी वर्षानुवर्षे काम केले. तिथे नर हे विष मादीला देतो, मादी अंड्यांना देते. कोळी असा पतंग जाळ्यातून सोडवून टाकतो.

1960 मध्ये तंजावर हा सधन शेतीच्या पॅकेज प्रोग्रामच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक झाला. पाच वर्षांनी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्राचे एडीटी 27 हे भात आले. त्याला रासायनिक खत मानवे. ताग मागे पडला. युरियाला शेंग येत नाही.

कल्लणै बंधाऱ्याहून येणारा कालवा 1934 चा. काठ मातीचे होते. असल्या काठांवर भुरुंडी उगवते, रानटी खुळखुळा उगवतो. युटेथीसाला दोन्ही चालतात. अलीकडे काठांना काँक्रीट घालत आहेत.

रस्त्यांवरचे पाऱ्याचे दिवे गेले. त्यांच्याखाली सकाळी रात्री आलेल्या पतंगांच्या पंखांचा केर असे.

पुस्तकांतही बदल झाला. डायोपिया हे युटेथीसा वंशाचे जुने नाव आता वापरात नाही. आर्क्टिइडी हे कुळ 2010 नंतरच्या वर्गीकरणात उपकुळ झाले आणि एरेबिडीत गेले. म्हणजे जुन्या खंडांत ज्या कुळाखाली हा पतंग शोधायचा, ते कुळच नाही.

युटेथीसाच्या पुल्केला या जातीला लिनियसने 1758 मध्ये नाव दिले. लोट्रिक्स अठराव्या शतकातलीच. पुल्केलॉइडीस हॅम्पसनने 1907 मध्ये वेगळी काढली. या तिघी ठिपक्यांवरून सहज ओळखता येत नाहीत. नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. जुन्या याद्यांत बऱ्याचदा सरसकट पुल्केला लिहिलेले असते. नमुना जपलेला नसेल, तर एखाद्या गावात नेमकी कोणती जात होती याचा निवाडा आता होत नाही.