चाकूचं घर

चाकू घेणं सोपं असतं बॉस, खरी परीक्षा म्यानाची! नगर नाक्यापासून शहागंजपर्यंतच्या एका शोधाची ही गोष्ट.

नगर नाक्यावर नाकाबंदी होती. हेल्मेट, लायसन्स, पीयूसी, सगळ्यात मी पास. निघणार तेवढ्यात हवालदारांची नजर माझ्या कमरेवर गेली. शर्ट वर सरकला होता आणि बेल्टला अडकवलेली काळी मूठ छान डोकावत होती.

"हे काय?"

"चाकू, साहेब."

"कशाला?"

उत्तर खरं तर सोपं होतं. वाळूजच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला आहे. दिवसभर खोक्यांच्या टेपा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि सुतळ्या कापायच्या, रविवारी अंतूर नाहीतर देवगिरी. पण ऐनवेळी तोंडातून निघालं, "पेरू कापायला." शेजारचा रिक्षावाला खो-खो हसला. हवालदार मात्र हसले नाहीत. "बॅगेत ठेव. असा कमरेला लावून फिरू नको," एवढंच म्हणाले आणि मला सोडलं.

सिडकोला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात भांडत होतो. जेवताना मात्र पटलं, की त्यांचं काय चुकलं? आपल्या शहराने मे २०१८मध्ये दंगल पाहिली. त्याच महिन्याच्या अखेरीस लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले. इथे कमरेला दिसणारी मूठ म्हणजे फॅशन स्टेटमेंट नाही. माझं पातं तीन इंचांचं आहे हे मला माहीत असतं, समोरच्याला फक्त मूठ दिसते.

कायद्याचा फंडा

शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. म्हणजे माझा तीन इंची चाकू सुटला? थांबा! महाराष्ट्र पोलिस कायदा, १९५१च्या कलम ३७(१)खाली मनाई आदेश निघाला की चाकूच काय, काठीसुद्धा बाळगता येत नाही. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की असे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू घरीच बरा. बाकी दिवशीही तो का आणि कसा नेतोय, याचं उत्तर तयार हवं. त्यातलं 'कसा' म्हणजेच म्यान.

नायलॉनचा धडा

माझा चाकू घडीचा नाही, पातं आणि मूठ सलग. त्यामुळे मजबूत, पुसायला सोपा, पण म्यानाशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. पहिलं म्यान नायलॉनचं होतं. स्वस्त आणि मस्त. दोन महिन्यांत आतला प्लॅस्टिकचा पत्रा सरकला. एका स्पीडब्रेकरवर बाइक उडाली आणि टोक कापडातून आरपार, थेट मांडीत. दोन टाके. घरी सांगितलं, "पत्रा लागला." आईने जीन्सचं भोक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

नंतर कळलं, की हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी कधीच सोडवलाय. जुन्या तलवारींची म्यानं बघा. आत लाकूड, वर चामडं नाहीतर मखमल, तोंडाशी धातूची मोहनाळ आणि तळाशी तहनाळ. तहनाळ नुसती शोभेची नाही, टोक बाहेर येऊ नये म्हणून तिथे धातू!

कायडेक्स की चामडं?

हल्ली कायडेक्सची चलती आहे. हे जाड प्लॅस्टिक तापवून चाकूच्या आकारावर दाबतात. चाकू आत गेला की 'टक्' असा आवाज येतो आणि तो पकडला जातो. पाणी शोषत नाही, त्यामुळे पावसाळी ट्रेकला सही. पण आत धूळ गेली की पात्यावर चरे पडतात. आणि शांत मीटिंगमध्ये तो 'टक्' ऐकून सगळे माना वळवतात ते वेगळंच.

चामडं निमूट असतं. मात्र ओल धरून ठेवतं, म्हणून चाकू महिनोन् महिने त्यात ठेवला तर गंजतो. रोज ऑफिसला नेण्यासाठी मी शेवटी चामडंच निवडलं आणि शहागंजच्या घड्याळाजवळच्या गल्लीत एका चर्मकार काकांकडे गेलो. त्यांनी चाकू कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. मग कडक चामड्याचे दोन तुकडे कापले आणि धारेच्या बाजूला मध्ये तिसरी पट्टी घातली.

"ही कशाला, काका?"

"पातं दोऱ्याला लागलं की दोरा गेला. दोरा गेला की पाय गेला. धारेनं पट्टीला घासावं, शिवणीला नाही."

माझा हात आपोआप मांडीवर गेला.

शिवून झाल्यावर त्यांनी चामडं भिजवलं, चाकूला प्लॅस्टिक गुंडाळून आत सारला आणि अंगठ्याने दाबून आकार दिला. "सावलीत वाळव. उन्हात घातलं तर तडकंल." मूठ झाकणारा फ्लॅप आणि बटण त्यांनी स्वतःहून लावलं. त्यांची रापी मात्र उघडीच होती, चामड्याच्या एका कातरणीखाली सारलेली. हिला म्यान नाही का, असं विचारलं. ते म्हणाले, "ती कुठं जातीय? जागेवर बसून काम करती. फिरायचंय तुला, झाकायचं तू."

आता चाकू ऑफिसच्या बॅगेत असतो, आतल्या कप्प्यात, बटण लावून. कमरेवर तो फक्त गडावर जातो. परवा बाबा पेट्रोल पंपाजवळ पुन्हा तपासणी झाली. बॅग उघडली, म्यान दिसलं. "कशाला?" "डिस्पॅचला आहे साहेब, टेप कापायला." त्यांनी बटण उघडून बघितलं, पुन्हा लावलं आणि बॅग परत दिली. पेरूचा विषय मी काढला नाही.

म्यान घेताना

- चाकू घालून म्यान पलंगावर उलटं धरा आणि जोरात हलवा. चाकू पडला तर म्यान नापास.
- टोकाकडची बाजू बोटाने दाबून बघा. मऊ लागली तर घेऊ नका.
- धारेच्या बाजूला चामड्याची तिसरी पट्टी आहे ना, ते विचारा.
- कायडेक्सला तळाशी पाणी निघायला भोक हवं. उन्हात तापलेल्या कारमध्ये ते विसरू नका, आकार बिघडू शकतो.
- ट्रेकला बेल्टवर लावलंत, तर आधी बाइकवर बसून आणि वाकून बघा. आडवं म्यान पोटाला टोचतं, लांब उभं म्यान सीटला अडतं.
- पावसात भिजलात तर चाकू बाहेर काढा आणि दोन्ही वेगवेगळे वाळवा.
- चिकलठाण्याहून विमान पकडताय? चाकू केबिन बॅगेत चालत नाही. म्यानात घालून चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सरळ घरी ठेवा.