काचेच्या महालातला उसना हत्ती

चि. अनुराधास,


साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांचे तू भरभरून लिहिलेस. ती ज्या जमिनीवर उभी आहेत, ती लंडनच्या हाइड पार्कमधल्या १८५१ च्या प्रदर्शनाच्या नफ्यातून घेतलेली. पुढच्या सगळ्या जागतिक प्रदर्शनांचा मूळपुरुष म्हणजे हेच प्रदर्शन.

त्याच्या इमारतीसाठी आलेले २४५ आराखडे समितीने नापास केले आणि स्वतःच विटांची एक अगडबंब, घुमटवाली इमारत कागदावर काढली. लंडनने तिची यथेच्छ टर उडवली. तेवढ्यात जोसेफ पॅक्स्टन पुढे आला. हा पेशाने माळी. चॅट्सवर्थला एका ड्यूकच्या बागेत काचेची वनस्पतिगृहे उभारून हात बसलेला. रेल्वेच्या एका बैठकीत त्याने टीपकागदावर रेखाटन खरडले. (रटाळ बैठकांचा एवढा उपयोग क्वचितच होतो.) लोखंडी खांब, लाकडी पट्ट्या, लाखो तावदाने, सगळे एकाच मापात, भाग कारखान्यातून आणायचे आणि जागेवर जोडायचे. १८४८ फूट लांबीचा महाल वर्षाच्या आत उभा राहिला. हाइड पार्कमधले जुने एल्म वृक्ष तोडू नयेत म्हणून लोक अडून बसले, तेव्हा पॅक्स्टनने वर कमानदार छप्पर चढवले आणि झाडे महालाच्या पोटात घेतली.

हिंदुस्थानच्या दालनाची मांडामांड ईस्ट इंडिया कंपनीची. तिथे एक नक्षीदार अंबारी आली होती. अंबारी आहे तर हत्ती हवाच! शोधाशोध करून एसेक्समधल्या एका छोट्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती उसना आणला. तो निघाला आफ्रिकेचा. तरी झूल चढवून, अंबारी ठेवून त्यालाच हिंदुस्थानचा म्हणून उभे केले. साम्राज्याला हिंदुस्थान किती ठाऊक होता, हे मला त्या हत्तीइतके कोणत्याही ग्रंथाने सांगितलेले नाही.

कोहिनूरची गत आणखी वाईट. १८४९ च्या तहाने पंजाबच्या बाल महाराजा दुलीपसिंगाकडून घेतलेला हा हिरा सोनेरी पिंजऱ्यात ठेवला होता. रांगा लावून आलेले लोक हिरमुसून परतत, कारण तो चमकतच नव्हता. भोवती गॅसचे दिवे लावून पाहिले, तेही फुकट. दुसऱ्या वर्षी राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी त्याला नव्याने पैलू पाडून घेतले. १८६ कॅरटचा हिरा जेमतेम १०६ चा उरला.

खरी गर्दी खेचली ती एका शिलिंगाच्या तिकिटाने. मे अखेरीस ते सुरू झाले तेव्हा कामगारांचे लोंढे आले की दंगा होणार, म्हणून बड्या घरांतून धास्ती होती. लोक आले, शिदोरी सोडून जेवले, यंत्रांपुढे तासन्‌तास उभे राहिले आणि शिस्तीत घरी गेले. साडेपाच महिन्यांत साठ लाख भेटी नोंदल्या गेल्या.

प्रदर्शनांची ही लाट मुंबईपर्यंतही पोचली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वस्तू जमवताना त्यांच्या जोडप्रती इथे ठेवून घेतल्या आणि फोर्टातल्या बराकीत मांडल्या. १८५७ मध्ये लष्कराला बराक हवी झाली आणि संग्रहाची पार वाताहत झाली. मग जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी नव्या इमारतीसाठी खटपट केली. ती भायखळ्याला १८७२ मध्ये खुली झाली. तेच आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय. सुटीत आलीस की राणीच्या बागेकडे वळण्याआधी तिथले ओतीव लोखंडाचे खांब निवांत बघ.

तुझा,
सदाकाका